मगरीची रील झाली, नोंद कुठाय?

महाडकर, पोलादपूरकर मंडळी, आज थोडं स्पष्ट बोलतो. राग आला तर कमेंटमध्ये काढा, पण पूर्ण वाचा.

थंडी पडली की सावित्रीच्या काठावर मगर ऊन खात पडलेली दिसते. गाड्या थांबतात, मोबाईल निघतात आणि संध्याकाळपर्यंत गाणं लावलेली रील गावभर फिरते. तारीख? ठिकाण? किती होत्या, केवढ्या होत्या? कुणालाच ठाऊक नाही. जुना व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून येतो आणि आपण तो पुढे ढकलतो.

काय बिघडलं त्यात? सांगतो.

२२ जुलै २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी भोगला. माझ्याही घरात चिखल होता. त्यानंतर नदीतला गाळ काढला गेला, आणि तो काढायलाच हवा. पण मगर उन्हाळ्यात काठावर खड्डा करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. पोकलेन नदीत उतरतो तोही उन्हाळ्यातच. ‘एवढा काठ दोन महिने सोडा, बाकीचा आधी घ्या’ इतकंच सांगायचं असतं. पण कुठला काठ? ते दाखवायला आपल्याकडे चार ओळींचा कागद नाही.

‘माणसं महत्त्वाची की मगरी?’ हा प्रश्न येणारच. अहो, मोठी मगर कुठल्या डोहात असते, कधी काठावर येते हे लिहिलेलं असेल, तर धुणं धुणाऱ्या बायका आणि गुरं पाण्यावर नेणारेच आधी सावध होतील.

कायद्याच्या भरवशावर तर राहूच नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर अनुसूची १ मध्ये आहे, खरंय. पण २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून नदीचं पात्र आणि भातखाचरं वगळलेली आहेत. आपल्याकडे मुख्यतः तेच तर आहे!

आणि ‘हे तज्ज्ञांचं काम’ म्हणू नका. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. बहुतेक सगळे तुमच्या-माझ्यासारखे हौशी.

म्हणून एकच मागणं. पोलादपूरपासून दासगावच्या खाडीपर्यंत आपापला एक काठ धरा. महिन्यातून दोनदा, पंधरा मिनिटं. तारीख, वेळ, जागा, संख्या लिहा. मगर, बगळे, पाणकावळे, पावसाळा सरताना येणारे धोबी आणि तुतवार, जे दिसेल ते. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा, तीही नोंदच. मगरीचं घरटं सापडलं तर मात्र जागा इथे टाकू नका. वन खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

मी दर रविवारी सकाळी ७ वाजता गांधारी सावित्रीला मिळते तिथे वही घेऊन असतो. तुमचा काठ कुठला? खाली लिहा.