क्लचला रामराम!

रिटायरमेंट म्हणजे तीर्थयात्रा, नातवंडं आणि सकाळचा हास्यक्लब, हा फंडा आता जुना झालाय मंडळी! आमच्या मातोश्री बँकेतून रिटायर झाल्या आणि पहिली घोषणा केली, ‘मला ऑटोमॅटिक गाडी हवीय. आणि चालवणार मीच!’ बाबांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, त्यामुळे त्यांचं मत बाद.

कारण एकच, आईचा डावा गुडघा. संध्याकाळच्या कर्वे रोडवर क्लच किती वेळा दाबावा लागतो, ते त्यालाच विचारा! गेल्या वर्षभरात रात्रीचं नाटक बंद, चिंचवडच्या मावशीकडे जाणं बंद. ‘कॅब बोलव ना’ म्हणणं आपल्याला सोपं असतं. पण तीस वर्षं स्वतः गाडी हाकलेल्या बाईला ते ‘आता घरी बस’सारखंच ऐकू येतं.

तर थोडा अभ्यास. ‘एएमटी’ म्हणजे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र सांभाळतं. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओनं ती लोकप्रिय केली. स्वस्त आणि मायलेजला चांगली, पण गिअर बदलताना हलका झटका देते. अमेझमधल्या ‘सीव्हीटी’त ठरावीक गिअरच नसतात. पट्टा पुलीवर सरकत राहतो, त्यामुळे चाल एकदम लोण्यासारखी. फ्रॉन्क्स टर्बोमधला ‘टॉर्क कन्व्हर्टर’ही मऊ. खिसा मात्र जास्त हलका होतो.

माझं मत अर्थातच सीव्हीटी सेदानला! शोरूममधला सेल्समनही खूश. म्हणाला, ‘सर, तुम्ही चालवून बघा, मॅडम मागे आरामात बसतील.’ आई म्हणाली, ‘मॅडम पुढे बसणार आहेत. चावी द्या.’

तिनं गाडी मस्त चालवली. मग पाच वेळा नुसतीच चढ-उतर केली. सीट खाली, प्रत्येक वेळी गुडघ्यावर जोर. नापास! उंच सीटच्या वॅगन आर एएमटीत मात्र ती खुर्चीत बसावी तशी बसली. ‘झटका चालेल, वाकणं नाही.’ सोसायटीच्या बेसमेंटचा चढ डोळ्यांसमोर ठेवून तिनं ‘हिल होल्ड’ आहे का, हेही विचारलं. आहे. चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी लगेच मागे घरंगळत नाही.

तुमच्या घरीही कुणी रिटायर होत असेल, तर सनरूफचं नंतर बघा. टेस्ट ड्राइव्ह त्यांनाच करू द्या, तीही ट्रॅफिकच्या वेळी. पहिला आठवडा मोकळ्या रस्त्यावर सराव हवाच. क्लचच्या सवयीनं डावा पाय ब्रेकवर जातो आणि गाडी खाडकन थांबते. दोन्ही पेडल उजव्याच पायानं! आणि लायसन्सची तारीख बघा. पंचावन्ननंतर रिन्यू केलेलं लायसन्स पाचच वर्षं चालतं, शिवाय डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं.

आईनं ते आधीच काढून ठेवलंय. गाडीचा रंग तेवढा बाबा ठरवणार आहेत!