स्टीलची किटली आणि तारेची घासणी

दूध नासलं की दोष गाईला, उन्हाला, नाहीतर संकलन केंद्राला. किटलीच्या आत बोट फिरवून कुणी बघत नाही! आमचं स्पष्ट मत: तारेची घासणी बंद करा. तिच्या ओरखड्यांत दूध अडकतं, तिथंच जंतू वाढतात. तिचे लोखंडी कण गंजतात आणि आपण म्हणतो स्टीलच खोटं. किटली रिकामी होताच आधी साध्या पाण्यानं विसळा. एकदम उकळतं ओतलं तर दूध आत चिकटून बसतं. मग गरम पाणी, धुण्याचा सोडा, नायलॉनचा ब्रश. गळा आणि झाकणाचं रबरही घासा. ब्लीचिंगचं पाणी रात्रभर ठेवू नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात. शेवटी किटली उपडी, पण जमिनीवर नको, फळ्यांच्या मांडणीवर. आत वारा लागला पाहिजे.