छतामागचा धूर

काही वर्षांपूर्वी एका कापड दुकानातला तिशीचा कामगार आमच्या अपघात विभागात आणला गेला. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ आकडा दिसत होता. तरी तो बरळत होता, उलट्या करत होता आणि त्याच्या नाकपुड्यांत काजळी होती. सोबतच्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुकानात ज्वाळा कोणी पाहिलीच नव्हती. वायर जळत होती ती पीव्हीसीच्या फॉल्स सीलिंगच्या वर, आणि हा खाली माल आवरत होता.

ऑक्सिजन दिल्यावर तो सावरला. पण ते ९८ लक्षात ठेवण्यासारखे आहे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोहोंतला फरक कळत नाही. शरीर गुदमरत असते, यंत्र सगळे ठीक दाखवते. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे १० नवजात बाळे गेली. त्यांतली तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून गेली, असे तेव्हा आरोग्यमंत्र्यांनीच सांगितले होते. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला शेजारच्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. बीडचे कितीतरी रुग्ण उपचारांसाठी नगरला जातात, त्यामुळे ती बातमी आम्हाला लांबची वाटली नाही.

आता आपल्या बाजारपेठेत एक चक्कर मारा. दुकान, क्लास, दवाखाना, मंगल कार्यालय, सगळीकडे खोटे छत. दिसायला छान, एसीचे बिलही कमी येते. पण त्याच्या वर काय असते? विजेच्या तारा, उघडे जोड, एसीचे पाइप, वर्षानुवर्षांची धूळ, उंदरांची घरटी, आणि कधी कधी इलेक्ट्रिशियनने विसरलेले खोके. जुन्या माळवदात उंदीर होते, पण विजेच्या तारा नव्हत्या.

अशा पोकळीत आग लागली की ती आडवी पळते, कारण वर स्लॅब आणि खाली पॅनेल. आता स्प्रिंकलरचे पाहू. त्यात काचेची छोटी नळी असते. लाल द्रव असलेली नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटते. सिनेमात दाखवतात तसे सगळे फवारे एकदम उडत नाहीत, ज्याला उष्णता लागते तोच उघडतो. पण तो फवारा खोट्या छताच्या खाली लटकलेला असेल तर वरच्या आगीची झळ त्याला लागणार कशी? छत वितळून खाली पडेपर्यंत तो गप्प असतो. जर्मनीत डुसेलडॉर्फच्या विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी वरच्या रस्त्यावरील वेल्डिंगच्या ठिणग्यांनी छताच्या पोकळीतला पॉलिस्टायरीन, म्हणजे आपला थर्माकोल, पेटला. १७ माणसे गेली, तीही धुराने.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत ८०० मिलिमीटरपेक्षा उंच पोकळीत स्वतंत्र स्प्रिंकलर सांगितले आहेत. पण आपल्याकडच्या दुकानांतली पोकळी हातभर, म्हणजे नियमाच्या बाहेरच. माझ्या मते उंचीइतकेच आत काय भरले आहे हेही पाहायला हवे. अमेरिकी नियमांत पोकळीतले साहित्य पेटणारे आहे की नाही याला मोठे महत्त्व आहे. शिवाय स्प्रिंकलरला पाणी लागते, आणि नळाची वाट बघणाऱ्या आपल्या गावांत आगीसाठी राखलेली टाकी किती दिवस राखलेली राहते हे सांगायला नको. म्हणून लहान दुकानदाराने निदान पीव्हीसी आणि थर्माकोल टाळून जिप्सम घ्यावे, तारा धातूच्या नळीतून न्याव्यात, आणि दोन गाळ्यांमधली भिंत खोट्या छतापाशी न थांबवता थेट स्लॅबपर्यंत चढवावी. या शेवटच्या कामाला गवंड्याचा एक दिवस लागतो, पण शेजाऱ्याचा धूर शेजाऱ्याकडेच राहतो.

दवाखान्यांना मात्र एवढ्यावर सुटका नको. आमचे रुग्ण उठून पळू शकत नाहीत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. सही करणाऱ्याने शिडी लावून चार पॅनेल उघडून पाहिली का, एवढे डॉक्टरांनी स्वतः विचारावे. मी विचारतो. दरवेळी शिडी सापडतेच असे नाही.

आणि वाचकांसाठी एक गोष्ट. धुरात अडकून बाहेर आल्यावर डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर बोटावरचा आकडा पाहून घरी जाऊ नका. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर सुमारे दीड तास. गरोदर बाई असेल तर लक्षणे नसली तरी घेऊन या.