सूर्य सर्वांचा, वीज कोणाची?

'ऊर्जासुरक्षा' हा शब्द हल्ली राज्यकर्त्यांच्या भाषणांत वारंवार येतो. सुरक्षा कोणाची, हे मात्र कोणी विचारीत नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत ते विचारले पाहिजे. तेथे टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या यंत्रमाग कामगाराला नगावर मजुरी मिळते. वीज गेली की माग थांबतो आणि मजुरीही थांबते. फताटेवाडीचे १३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र याच जिल्ह्यात, उजनीच्या पाण्यावर चालते. पण केंद्र शेजारी आहे म्हणून यंत्रमागाला वीज स्वस्त मिळत नाही.

या संदर्भात मॉरिशसचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. हजारो मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जेथे नांदत आहेत, त्या बेटावर ना कोळसा, ना तेल. १९९१ साली तेथे बगॅसपासून वीज निर्माण करण्याचा व्यापक कार्यक्रम आखण्यात आला. १९९४ साली शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्यामार्फत लहान ऊसउत्पादक व कामगार साखर कारखान्यांच्या भांडवलात भागीदार झाले. मॉरिशस आदर्श आहे असे नव्हे. गाळप संपले की तेथील अनेक वीजकेंद्रांत कोळसा जळतो, आणि आजही त्या देशाची बहुतांश वीज आयात इंधनावरच निघते. परंतु इंधनाच्या प्रश्नाबरोबर मालकीचा प्रश्नही सोडवावा लागतो, एवढे त्या छोट्या देशाने ओळखले.

आपल्याकडे दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले, सरकार वीजदरात सवलत देतेच की! पण सवलत म्हणजे हक्क नव्हे. एका आदेशाने आलेली सवलत दुसऱ्या आदेशाने जाते. दुसरे, प्रत्येकाने छपरावर सौर पॅनेल बसवावे. भाड्याच्या शेडमध्ये चार माग चालविणाऱ्याने ते कोणाच्या छपरावर बसवायचे? त्याला तारणाशिवाय कर्ज कोण देणार? अशाने स्वस्त वीज ज्याच्याकडे भांडवल आहे त्यालाच मिळेल आणि लहान मागवाला स्पर्धेतून बाद होईल. सूर्यप्रकाशाचीही मक्तेदारी होऊ शकते, ती अशी.

२००३ च्या विद्युत कायद्यानुसार सहकारी संस्थेला आपल्या सभासदांच्या वापरासाठी वीजनिर्मिती करता येते. ज्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तेथे यंत्रमागधारकांचा सहकारी सौर प्रकल्प अशक्य का मानावा? सरकारने जमीन आणि कर्जाची हमी द्यावी, संस्थेने कामगारांनाही भाग द्यावेत. हे आपोआप घडणार नाही. साथींनी ही मागणी मागवाल्यांच्या आणि कामगारांच्या बैठकांत नेली पाहिजे, नाहीतर कोळशाच्या मालकांची जागा उद्या सूर्याचे मालक घेतील.