शहर बसचा भार कोणी उचलावा?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या धनिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता आणि त्यातील मोठी रक्कम स्टेट बँकेने ७ टक्के व्याजाने कर्जाऊ दिली. मराठवाड्यातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्या वेळी याहून कितीतरी चढे व्याज मोजावे लागत होते. या सौद्याचे देशभर कौतुक झाले. शहराला भरवशाची बससेवा नाही, याची खंत त्या कौतुकात कोणी बोलून दाखविली नाही.

२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराची लोकसंख्या १९८१ मध्ये सुमारे तीन लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती पावणेबारा लाखांवर गेली. वाढ झाली ती कारखान्यांच्या ओढीने. पूर्वेला चिकलठाणा आणि शेंद्रा, पश्चिमेला वाळूज, आणि यांना जोडणारा कणा एकच : जालना रस्ता. हजारो श्रमिक शहराच्या एका टोकाला राहतात आणि दुसऱ्या टोकाला राबतात. कायम कामगारांना कंपनीची बस मिळू शकते. कंत्राटी कामगाराला मात्र स्वतःची दुचाकी, नाहीतर कोंबून भरलेली रिक्षा. वाळूजच्या कारखान्यात तो दुचाकी आणि रिक्षा बनवितो आणि हप्ता भरून त्याच दुचाकीवर कामाला येतो, यातील विसंगती कोणाला खटकतही नाही.

बससेवेचा इतिहास धरसोडीचा आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्येच प्रवासी बस सुरू केल्या होत्या, म्हणजे सार्वजनिक मालकीची बस मराठवाड्याला नवी नाही. तरीही शहर बस एस.टी.कडून महापालिकेच्या ठेकेदाराकडे गेली, पुन्हा एस.टी.कडे आली, आणि अखेर स्मार्ट सिटी योजनेतून १०० बसची सेवा उभी राहिली. हे पाऊल स्वागतार्ह होते. परंतु केंद्राच्याच निकषानुसार उत्तम सेवेसाठी दर हजार लोकांमागे ०.६ बस लागतात. २०११ ची लोकसंख्या धरली तरी ही संख्या ७०० च्या घरात जाते.

अशा स्थितीत चर्चा मात्र शेंद्रा ते वाळूज अखंड उड्डाणपुलाची आणि त्यावरून धावणाऱ्या मेट्रोची होते. जालना रस्त्यावर उड्डाणपूल यापूर्वीही झाले. कोंडी एका चौकातून पुढच्या चौकात सरकली. 'वाहने नव्हे, माणसे हलवा' हे सूत्र २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात आहे. ते मनावर घ्यायचे तर याच रस्त्याची एक मार्गिका उद्या बससाठी राखून ठेवता येईल. त्याला पूल लागत नाही, मोटारवाल्यांचा रोष पत्करण्याची तयारी लागते.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न नेहमी बसलाच विचारला जातो. उड्डाणपुलाला तो कोणी तोटा-नफ्याच्या भाषेत विचारीत नाही. फ्रान्सने १९७१ मध्ये पॅरिस परिसरात आणि १९७३ पासून इतर शहरांतही मालकांवर, त्यांच्या वेतनखर्चाच्या प्रमाणात, वाहतूक-कर बसविला. कामगार वेळेवर पोहोचण्याचा लाभ कारखान्याला होतो, तेव्हा त्याचा वाटाही कारखान्याने उचलावा, हा त्यामागचा सरळ हिशेब. महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. रोजगार हमीसाठी याच राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला आणि शहरातील पगारदारांनी ग्रामीण मजुरांच्या कामाचा भार उचलला. वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाण्याच्या कारखानदारांकडून तसाच उपकर घेण्यास कायदा करावा लागेल, आणि तो करणे विधिमंडळाच्या हाती आहे.

बजाजनगर व रांजणगावच्या वस्त्या महापालिका हद्दीबाहेर आहेत, ही सबब पुढे केली जाईल. हद्द माणसाने आखलेली असते. पाळी सुटल्यावर घरी जाणाऱ्या कामगाराला ती दिसत नाही. बसचे वेळापत्रक कारखान्यांच्या पाळ्यांवरून ठरावे आणि चालक-वाहक ठेकेदाराचे नव्हे, सेवेचे कायम कामगार असावेत. केंद्राच्या २०२३ च्या ई-बस योजनेत बस खासगी कंपनीची आणि चालकही तिचाच, अशी रचना आहे. तिला संघटनांनी आताच हरकत घेतली पाहिजे. महापालिकेचे अंदाजपत्रक येण्यापूर्वी वाळूजच्या फाटकांवर पाळीनिहाय प्रवाशांची मोजणी कार्यकर्त्यांनी स्वतः करावी आणि ते आकडे घेऊनच आयुक्तांकडे जावे.