नाकात दडलेलं नियमपुस्तक

२०१४च्या हंगामात फॉर्म्युला वनमध्ये उतरलेल्या लोटस ई२२ या गाडीच्या नाकाला दोन सुळे होते आणि त्यातला एक दुसऱ्याहून आखूड होता. तो मोडलेला नव्हता, मुद्दाम तसा ठेवलेला होता. सुरक्षिततेसाठी नाकाचं टोक खाली आणण्याचा नियम त्या वर्षी आला आणि टोकाच्या छेदाचं मापही ठरवून दिलं गेलं. लोटसच्या अभियंत्यांनी लांब सुळा 'नाक' म्हणून मोजणीसाठी पुढे केला, आखूड सुळा मोजणीच्या रेषेमागे ठेवला आणि दोहोंच्या फटीतून गाडीखाली हवा नेली. नियमही पाळला, पळवाटही साधली.

पूर्ण गाडीच्या मॉडेलमध्ये ही करामत नजरेतून निसटते. तिथे रंग, प्रायोजकांची नावं, टायर, चालकाचं हेल्मेट यांचीच गर्दी. म्हणून शर्यतीच्या गाडीचा एखादाच भाग, म्हणजे नाक, स्टिअरिंग किंवा इंजिन, छोट्या प्रमाणात घडवून घेणारे संग्राहक कितीही विक्षिप्त वाटले, तरी काचेच्या कपाटात आख्खी फेरारी मांडणाऱ्यापेक्षा ते शर्यत अधिक बारकाईनं पाहतात.

नुसती नाकं ओळीनं मांडून पाहावीत. १९९०च्या टायरेल ०१९चं नाक हार्वे पोसलथ्वेट आणि ज्याँ-क्लोद मिजो यांनी वर उचललं, ते गाडीखाली जास्त हवा जावी म्हणून. तोवर नाक जमिनीलगत असायचं. पुढे काही वर्षांत बहुतेक सगळ्यांनी टायरेलचाच कित्ता गिरवला. २००४च्या विल्यम्स एफडब्ल्यू२६चं आखूड, रुंद, सुळेवालं नाक 'वॉलरस' म्हणून गाजलं आणि तो हंगाम संपायच्या आतच बदललं गेलं. २००९मध्ये नाकाला जोडलेल्या पुढच्या पंखाची रुंदी १४०० मिलिमीटरवरून १८०० वर गेली. १:१२ प्रमाणात हा फरक जेमतेम सव्वातीन सेंटिमीटरचा, पण दोन नाकं शेजारी ठेवली की लगेच डोळ्यांत भरतो. २०१२मध्ये नाकाच्या उंचीवर बंधन आलं, मागचा सांगाडा मात्र उंचच राहू दिला. परिणामी बहुतेक गाड्यांच्या नाकावर एक कुरूप पायरी उमटली. नियम बदलला की नाक बदलतं, आणि का बदललं हे हातात घेऊन पाहता येतं. नियमावलीची पानं चाळून एवढं कळायला बराच वेळ लागेल.

अशी मॉडेल घडवण्याच्या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची अॅमलगम. १९८५मध्ये सुरू झालेली ही कंपनी आधी वास्तुरचनांची मॉडेल करायची, गाड्यांकडे नंतर वळली. १:८ प्रमाणातल्या गाड्यांबरोबर ती नाकं आणि स्टिअरिंगही करते. 'हातानं घडवलेलं' हा शब्द या बाजारात फार सैल वापरला जातो, हे मात्र सांगायला हवं. संघांकडून संगणकावरचे आराखडे मिळतात, जुन्या गाड्यांचं स्कॅनिंग होतं, मूळ नमुना यंत्रच कापून देतं. हात लागतो तो त्यानंतर. नमुना घासून गुळगुळीत करायचा, त्यावर सिलिकॉनचा साचा घ्यायचा, त्यात रेझिन ओतायचं आणि बुडबुडे राहू नयेत म्हणून हवा ओढून घ्यायची. सिलिकॉनचा साचा फार टिकत नाही. काही डझन नग निघाले की कडा बोथट होतात आणि नवा साचा घ्यावा लागतो. प्रत्येक नगाचे सांधे कानशीनं आणि पॉलिश पेपरनं साफ करायचे, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं.

खरी परीक्षा कार्बन फायबरची. १९८१मध्ये मॅक्लारेन एमपी४/१चा संपूर्ण सांगाडा या पदार्थाचा झाला आणि तेव्हापासून त्याची तिरकी वीण ही शर्यतीच्या गाडीची ओळखच बनली. मॉडेलवर खरं कार्बनचं कापड चिकटवलं तर ते गोणपाटासारखं दिसतं, कारण धागा काही लहान होत नाही. मग त्या विणीचं बारीक छपाईचं डिकॅल पाण्यात भिजवून, वळणावळणांवर दाबत बसवायचं. रेघ जराशी वाकडी गेली की नाक खोटं दिसतं. खोट्या वस्तूनं खऱ्याहून खरं दिसायचं, असा हा उफराटा मामला आहे.

वेडाची परिसीमा पाहायची तर फ्रान्समधल्या पिएर सेरी यांच्याकडे जावं लागतं. फेरारी ३१२ पीबीच्या आवाजावर त्यांचा जीव जडला होता. त्यांनी १:३ प्रमाणात ती गाडी बांधली, बारा सिलिंडरच्या चालत्या इंजिनासकट. त्यात सुमारे पंधरा वर्षं गेली. त्या आवाजासाठीच हा सारा उद्योग होता.

आपल्याकडे मात्र या सगळ्याची बोळवण 'खेळणं' या एका शब्दात होते. सीमाशुल्काच्या ९५०३ या शीर्षकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि प्रमाणबद्ध मॉडेल एकाच पंगतीला बसतात. खेळण्यांवरचं शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३मध्ये ७० टक्के झालं. स्वस्त, निकृष्ट आयात रोखण्याचा हेतू रास्तच होता. पण कुणाच्या शेकडो तासांच्या कामाला प्लॅस्टिकच्या खुळखुळ्याचा न्याय लावणं बरोबर नाही. मर्यादित संख्येतल्या संग्राह्य मॉडेलसाठी वेगळी नोंद असायला काय हरकत आहे?

श्रीमंतांच्या छंदाची कशाला वकिली, असं कुणी म्हणेल. किमती पाहता आक्षेप खोटा नाही. पण हे कसब आपल्याला परकं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रींसाठी पॅटर्न करणारे कारागीर धातू थंड होताना किती आकसेल याचा हिशेब धरूनच माप घेतात. रेझिनलाही तोच हिशेब लागतो. आणि विषयही घरचा आहे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००च्या इंजिनावर घडवलेल्या फॉर्म्युला मारुती गाड्यांमधून नारायण कार्तिकेयनसारखे चालक पुढे आले. त्या गाडीचं नाक १:१२मध्ये घडवायला आराखडे जुळवावे लागतील, एखादी मूळ गाडी गाठून मोजमाप घ्यावं लागेल, ते जमण्यासारखं आहे. घोडं अडेल ते दरावर. पॅटर्नवाल्याचे महिनाभराचे तास मोजून द्यायला गिऱ्हाईक तयार हवं, आणि 'एवढ्याशा खेळण्याला एवढे पैसे?' हा प्रश्न त्यानं विचारता कामा नये.