झुडपे कापा, जमीन खरवडू नका



पोळा झाला की रस्त्याकडेची झुडपे काढा, अशी मागणी चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून सुरू होते. चंद्रपूर–मूल किंवा आलापल्ली–भामरागडसारख्या जंगलातल्या मार्गावर झुडपाआडून रानडुक्कर, चितळ एकदम आडवे येते आणि दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतते. मागणी रास्तच आहे. आक्षेप आहे तो पद्धतीवर. कापणीऐवजी जेसीबी लावून साइडपट्टीची माती वीतभर खरवडली जाते, तीही ऐन फुलोऱ्यात.

भाद्रपदात एकदा गाडी थांबवून ही पट्टी पाहावी. पिवळा तरोटा, गुलाबी तेरडा, कुर्डूचे तुरे आणि त्यांच्या अंगावर चढलेली कळलावी. तिच्या पानाचे टोकच वळून शेजारची काडी घट्ट धरते. फूल मान खाली घालते, पाकळ्या मात्र उलट वर वळतात. आधी पिवळ्या, मग लालभडक. कळलावी, काटवल, मुसळी, रानहळद या साऱ्यांचा जीव जमिनीखाली असतो. वेल विळ्याने कापला तरी पुढच्या पावसाळ्यात तो फुटतो. कंदच उखडला तर काही उरत नाही. उघड्या पडलेल्या मातीत मग गाजरगवत, रानतुळस आणि टणटणी माजते. म्हणजे खर्च करून आपण नको तीच झुडपे वाढवतो.

‘तणाचे एवढे काय कौतुक?’ असे कुणी म्हणेल. ताडोबाचा गाभा जुलै ते सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतो, आणि फुलांचे दिवस नेमके तेच. वाघाच्या मुलखात इतरत्र जंगलात पायी शिरणे शहाणपणाचे नाही. आपल्या शाळकरी पोरांना रानफुले दिसतात ती सडकेच्या कडेलाच. कासचे पठार पाहायला आपण सातारा गाठतो, आणि दारातला फुलोरा मात्र यंत्राखाली घालतो.

बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदांना विनंती आहे. वळणे, पूल, फलक येथे आताच कापणी करा, पण जमिनीला हात न लावता. सरळ पट्ट्यांत दिवाळीपर्यंत थांबा, बिया गळू द्या. टणटणी मात्र केव्हाही मुळासकट काढा. गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवहीत सडकेकडेची फुलेही लिहावीत. आणि यंदाच्या निविदा निघण्याआधी कंत्राटाच्या अटींत एवढी एक ओळ घालावी: साइडपट्टीची कापणी करावी, खरवडू नये.

– एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)